सोफा, कालवडी आणि हॅडलीचा फोटो

वेंडेल स्ट्राउडने आजवर हजारो फोटो काढले होते, पण त्यांत माणूस एकही नव्हता. सगळे पक्षी. मार्चमध्ये प्लॅट नदीवर क्रौंचांचे थवे उतरले की तो आठ दिवसांची रजा टाकायचा आणि फळ्या ठोकून केलेल्या लपणात गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. उरलेल्या वर्षात घुबडं, बगळे, एखादा खंड्या. माणसांवर त्याचा राग होता असं मुळीच नाही. हार्लो गावाबाहेरच्या शेतवाड्यांवर तो टपाल टाकायचा आणि त्या साऱ्या रस्त्यावर त्याला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. पण माणूस कॅमेऱ्यापुढे आला की दुसऱ्याच मिनिटाला विचारतो, "बरा दिसतोय ना मी?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते वेंडेलला कधीच सुचलं नव्हतं. खंड्या निदान विचारत तरी नाही.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी संध्याकाळी त्याच्याकडे डार्ला प्रुइटचा फोन आला.

"वेंडेल, गुरुवारी चारनंतर तू मोकळा आहेस."

"असं कोण म्हणालं?"

"मी म्हणतेय. हॅडलीचे फोटो काढायचेत. शाळेच्या शेवटच्या वर्षाचे."

"डार्ला, मी पक्ष्यांचे काढतो."

"मग? तिलाही दोनच पाय आहेत."

डार्ला म्हणजे त्याच्या बालमित्राची, रसची बायको. रस आणि वेंडेल पहिलीपासून एका बाकावर. रसने लग्न केलं, मका लावला, दोन मुलींचा बाप झाला. वेंडेल एकटाच राहिला आणि रविवारी दुपारी प्रुइटांच्या टेबलावर जेवू लागला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. त्यामुळे डार्लाला नाही म्हणायची त्याला सवय राहिली नव्हती. आणि नाही म्हटलेलं ऐकायची डार्लाला कधीच नव्हती.

अडचण खरी होती. शहरातली ठरवलेली फोटोवाली घोड्यावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसली होती, आणि शाळेच्या वार्षिक अंकासाठी फोटो शुक्रवारी दुपारपर्यंत पोचायला हवा होता. गावात या फोटोचा मान लग्नाच्या फोटोच्या खालोखाल. तो वार्षिकात छापला जातो, पाकिटात घालून सगळ्या नातेवाइकांना जातो, फ्रीजवर चिकटतो आणि पुढची चाळीस वर्षं भिंतीवर राहतो.

"गेल्या वर्षी डेव्हिटांच्या पोराचा फोटो वेळेत गेला नाही," डार्ला म्हणाली. "नावाच्या वर नुसता करडा चौकोन छापला. त्याची आई अजून किराणा दुकानात सगळ्यांची नजर चुकवते."

"पण मला माणसांना काय सांगायचं असतं ते माहीत नाही."

"ते मी सांगीन. तू फक्त बटण दाब."

फोन ठेवल्यावर वेंडेलने कॅमेऱ्याची पेटी उघडली. त्याच्याकडे लेन्स एकच होती, हातभर लांब तोफेसारखी, पलीकडच्या काठावरचा पक्षी अलीकडून टिपणारी. लहान लेन्स तीन वर्षांपूर्वी नदीत गेली होती आणि तिची उणीव त्याला आजवर भासली नव्हती.

हॅडली ही प्रुइटांची धाकटी. वय सतरा, उंची सहा फुटांना बोटभर कमी. शाळेच्या बँडमध्ये ती सगळ्यांत मोठं वाद्य वाजवायची, ट्यूबा, कारण इतर कुणाला तो उचलवत नव्हता. सहावीत पोरांनी तिचं नाव 'शिडी' ठेवलं. त्या दिवशी ती म्हणे रडली नाही. दोन्ही हात वर करून तिने विचारलं, "कुणाला छपरावर चढायचंय का?" अख्खा वर्ग हसला, आणि तेव्हापासून लोकांना हसवणं हे हॅडलीचं कामच होऊन बसलं. घरी, शाळेत, चर्चच्या जेवणावळीत, हॅडली आली की लोक आधीच हसायला तोंड उघडून बसत.

वेंडेलला मात्र तिची एक न हसणारी बाजूही माहीत होती. जुलैच्या सुट्टीत ती रोज दुपारी रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी त्याची वाट बघत उभी राहायची. तीन वेळा तिच्या नावाचं जाडजूड पाकीट आलं. तीनही वेळा तिने ते जॅकेटच्या आत सरकवलं आणि घराकडे न जाता मक्याच्या बाजूने निघून गेली. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव ठळक होतं. विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणाऱ्यांचं शिक्षण देणारी ती शाळा होती. वेंडेलने कुणाला एक शब्द सांगितला नाही. टपालवाला पत्रं वाचत नाही, पण त्याला डोळे असतात, त्याला तो तरी काय करणार.

गुरुवारी साडेचारला वेंडेल नदीकाठच्या ऑर्व्हिल टेटच्या कुरणावर पोचला, तेव्हा गवतात मधोमध एक सोफा ठेवलेला होता.

हिरव्या मखमलीचा, सिंहाच्या पंजांसारखे पाय असलेला, गोंडे लावलेला सोफा. वेंडेलने तो लगेच ओळखला. चार वर्षांपूर्वी याच सोफ्यावर, याच कुरणात, थोरल्या केंड्राचा फोटो निघाला होता. केंड्रा पाय दुमडून, मान कलती करून बसलेली आणि मागे मावळतीचं ऊन. तो फोटो इतका गाजला की पुढच्या वर्षी गावातल्या चार मुली आपापल्या घरचे सोफे शेतात घेऊन गेल्या. केंड्रा आता लिंकन शहरात शिक्षिका व्हायला शिकत होती, आणि पुढच्या वर्षी हॅडली तिच्याच खोलीत राहायला जाणार हे डार्लाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"हा इथवर आणला कुणी?" वेंडेलने विचारलं.

"मी आणि हॅडलीने. पिकअपमध्ये घातला आणि आणला. रस हार्वेस्टरवरून उतरायला तयार नाही, पाऊस यायच्या आत मका काढायचाय म्हणतो." डार्लाच्या दंडावर पाच पोशाख लोंबत होते. "ऊन किती वेळ आहे?"

"दोन तास. शेवटचा अर्धा तास चांगला."

हॅडली सोफ्याच्या पाठीवर हनुवटी टेकून बसली होती. "वेंडेलकाका, बघ, शेवटी मला पिंजऱ्यात घातलंच. आता दाणे टाक."

पहिला पोशाख फिकट निळा झगा. हॅडली सोफ्यावर बसली. वेंडेलने कॅमेरा तिपाईवर चढवला, डोळा लावला आणि त्याला हॅडलीचं नाक दिसलं. नुसतं नाक. तो दहा पावलं मागे गेला. आता नाक आणि एक डोळा. तो मागे जात राहिला. चाळिसाव्या पावलाला सबंध मुलगी चौकटीत आली, तेव्हा त्याची पाठ कुंपणाला लागली होती आणि तारेचा काटा शर्टात घुसला होता.

"तू चाललास कुठे?" डार्ला ओरडली.

"इथूनच दिसते ती!"

"काय?"

"इथूनच!"

शेवटी हॅडलीने आपला मोबाइल सोफ्याच्या हातावर ठेवला, वेंडेलने फोन लावला आणि पलीकडून त्याचा आवाज येऊ लागला. डार्ला दोघांच्या मध्ये उभी राहून फोनवर ऐकू आलेलंच पुन्हा मोठ्याने सांगत होती.

"हनुवटी जरा वर," वेंडेल फोनमध्ये म्हणाला.

"हनुवटी वर!" डार्लाने सांगितलं.

"ऐकलं मी, आई. तो माझ्या मांडीशेजारी बोलतोय."

"आणि नीट हस. केंड्रासारखं, डोळ्यांतून."

हॅडली हसली. लेन्समधून वेंडेलला बत्तीसच्या बत्तीस दात दिसले. त्याने बटण दाबलं त्या क्षणी तिने डोळे तिरळे केले. पुढच्याला गाल फुगवले. त्याच्या पुढच्याला ती केंड्रासारखी मान कलती करायला गेली आणि कलती कलती होत पार सोफ्यावर आडवी झाली.

"हॅडली!"

"काय गं? मावत नाहीये मी. हा सोफा केंड्राच्या मापाचा आहे."

दुसरा पोशाख झाला, तिसरा झाला. कपडे बदलायला डार्ला पिकअपच्या दाराला चादर धरून उभी राहायची आणि आतून हॅडलीचे कोपर चादरीवर आपटत राहायचे. तासाभरात वेंडेलने दोनशे फोटो काढले. एकशेनव्वदांत ती वेडीवाकडी तोंडं करत होती आणि उरलेल्या दहांत दात घासायच्या पेस्टच्या जाहिरातीतली वाटत होती. त्याला घाम फुटला. पक्षी बसत नाही तर निदान उडून तरी जातो.

चौथा पोशाख लाल होता, खांद्यावर लांब झालरीची ओढणी. वेंडेल लेन्समधून बघत होता. चौकटीत हॅडली होती, सोफा होता आणि डाव्या कोपऱ्यात काहीतरी काळं. त्याने डोळा बाजूला केला.

कालवडी. ऑर्व्हिलच्या वीस-पंचवीस काळ्या कालवडी पलीकडच्या कुरणातून शांतपणे चालत येत होत्या. पिकअप आत घेतल्यावर फाटक लावायचं राहून गेलं होतं.

"डार्ला," तो फोनमध्ये म्हणाला, "मागे बघ. पण ओरडू नकोस."

डार्ला मागे वळली आणि ओरडली.

कालवडींवर त्याचा काही परिणाम झाला नाही. वर्षभराची जनावरं ती, आयुष्यात पहिल्यांदा सोफा बघत होती. त्यांनी त्याच्याभोवती गोल केला आणि माना पुढे काढून हुंगायला लागल्या. एकीने गोंडा तोंडात घेतला. दुसरीने मागून येऊन हॅडलीचे केस मानेपासून टाळूपर्यंत चाटले, एकाच लांब फटकाऱ्यात, आणि केस उभेच राहिले.

"ई!" हॅडली किंचाळली. "आई, हिने माझा भांग पाडला!"

"ओढणी! ओढणी सांभाळ!"

ओढणीचं एक टोक तिसरीच्या तोंडात गेलेलंच होतं. हॅडलीने दुसरं टोक धरलं. इकडून ही ओढते, तिकडून कालवड ओढते. डार्ला चादर फडकवत धावली, तर चादर बघायला आणखी चार कालवडी आल्या. हॅडली सोफ्याच्या पाठीवर चढली, सोफा मागे कलला, सिंहाचा एक पंजा कडकन मोडला आणि ती पाय वर करून पलीकडच्या गवतात पडली. कालवड ओढणी घेऊन पळाली. गवतातून हॅडलीचं हसणं ऐकू आलं, पोट धरून, श्वास न पुरणारं. डार्लाही आता सोफ्याच्या कलत्या टोकावर बसून, चादर तोंडावर घेऊन हसत होती आणि मधूनच म्हणत होती, "माझा सोफा! अगं, माझा सोफा!"

वेंडेलचं बोट बटणावरून उठलंच नाही. ही भाषा त्याला येत होती. काहीतरी घडतंय, ते पुन्हा घडणार नाही, आणि आपण गप्प राहून ते टिपायचं. जमलं, तो मनात म्हणाला. फोटो मिळाला.

मग डार्लाने पिकअप सुरू केली आणि भोंगा वाजवत कालवडींना फाटकाकडे नेऊ लागली. भोंगा दूर दूर जात राहिला. कुरणात तिघं उरली, वेंडेल, हॅडली आणि तीन पायांचा सोफा.

हॅडलीने झग्यावर आपलं रोजचं जीनचं जॅकेट चढवलं आणि बाटलीतल्या पाण्याने केस बसवले. मग ती चालत वेंडेलपाशी आली.

"काका, अजून एक काढशील? सोफ्याशिवाय."

"आता गरज नाही. मघाचे झकास आलेत."

"ते आईसाठी. एक माझ्यासाठी." तिने जॅकेटच्या बाह्या ओढल्या. "जुलैतली पाकिटं… तू आईला सांगितलं नाहीस."

"मी टपाल पोचवतो. उघडत नाही."

"मला घेतलंय त्यांनी. पुढच्या ऑगस्टपासून. पूर्ण वर्गात दोनच मुली आहेत."

"भीती वाटत नाही? खांबाची?"

"खाली उभं राहायची वाटते त्यापेक्षा कमी," ती म्हणाली आणि कुंपणाच्या जाड लाकडी खुंटापाशी जाऊन उभी राहिली.

तो पंधरा पावलं मागे गेला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. हॅडली सवयीने पोक काढून उभी होती. तिने एकदा डोळे तिरळे केले. वेंडेलने बटण दाबलं नाही. तिने जीभ काढली. त्याने तेव्हाही दाबलं नाही. तो काहीच बोलला नाही. बोलण्याऐवजी जे त्याला येत होतं तेच त्याने केलं, वाट बघितली. लपणात तो असाच बसायचा, हात गोठेपर्यंत.

पाच मिनिटं गेली. सात गेली. ऊन तांबूस झालं. हॅडलीची थट्टा संपली, मग अवघडलेपण संपलं, मग बहुधा समोर कुणी आहे हेही ती विसरली. तिने नदीपलीकडे बघितलं. एक खांदा मागे गेला, मग दुसरा. पाठ सरळ झाली, मान वर आली, आणि वेंडेलला कॅमेरा इंचभर वर उचलावा लागला. या पोरीला तो जन्मापासून बघत होता. तिची पूर्ण उंची त्याने आज पहिल्यांदा बघितली.

तिने लेन्समध्ये सरळ बघितलं. ओठ मिटलेले. त्याने दोनदा बटण दाबलं.

"झालं?"

"झालं."

त्याला वाटलं, फार कडक आलाय. मघाचाच खरा.

रात्रीचं जेवण प्रुइटांकडेच होतं. चिली, म्हणजे खिमा घातलेली राजम्याची तिखट उसळ, आणि त्यासोबत दालचिनीचे गोड रोल. रस मक्याची धूळ तशीच मानेवर घेऊन आला आणि रोलचा तुकडा चिलीत बुडवून खायला लागला. टेबलाच्या मध्यावर वेंडेलचा लॅपटॉप. फोटो पुढे सरकत होते आणि घर डोक्यावर घेतलं जात होतं.

"थांब! हा!" डार्लाने वेंडेलचा हात धरला. पडद्यावर उभ्या केसांची हॅडली ओढणी ओढत होती, डोळे मिटून, तोंड उघडून, आणि समोर कालवड तितक्याच निर्धाराने पाय रोवून उभी. "हाच. हाच वार्षिकात जाणार. गावाच्या इतिहासात असा फोटो झाला नसेल!"

"मला विचारशील तर कालवड जास्त चांगली आलीय," रस म्हणाला.

वेंडेलने मान डोलवली. त्याला आपला अभिमान वाटत होता, लपवूनही लपत नव्हता.

"शेवटचा दाखव ना, काका," हॅडली म्हणाली.

त्याने दाखवला.

"हा काय?" डार्ला म्हणाली. "चिडलीयस का कुणावर?"

"नाही."

"पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस. तू अशी नाहीयेस गं. तू किती हसरी पोर!"

"आई, मी चिडलेली नाहीये. कुणाला हसवायचं नसतं तेव्हा मी अशीच दिसते." तिने बोट पडद्यावर ठेवलं. "वार्षिकात हा जाणार."

"पण का? सगळ्या जगाला आवडेल असा फोटो आहे आपल्याकडे!"

"म्हणूनच. सहा वर्षं सगळ्यांना ती हसवणारीच आवडली. ती त्यांना पाठ आहे. मी इथून जाणार आहे आणि जाणारी मी आहे, ही."

"जाणार म्हणजे लिंकनलाच ना? केंड्रा आहे तिथे, दीड तासाचा रस्ता…"

"लिंकनला नाही, आई."

आणि मग तिने सांगितलं. खांब, तारा, शाळा, ऑगस्ट. न थांबता, एकही विनोद न करता. रसच्या हातातला रोल चिलीत पडला तो त्याने काढलाच नाही.

"खांबावर?" तो म्हणाला. "हिवाळ्यात?"

"हिवाळ्यातच तुटतात तारा, बाबा. गेल्या जानेवारीत आपली वीज चार दिवस गेली होती. शेवटी जोडायला आलेल्यांत एक बाई होती, आठवते? तू तिच्यासाठी कॉफी करून दिलीस. थर्मास पोचवायला मी खांबापर्यंत गेले होते. त्या वेळेस ठरवलं."

रसने बायकोकडे बघितलं. डार्ला वेंडेलकडे बघत होती.

"पत्रं आली असतील," ती हळूच म्हणाली. "आमच्याच पेटीत. तुझ्या हातून."

वेंडेलने चमचा खाली ठेवला.

"तुला माहीत होतं."

"पाकिटावर नाव असतं, डार्ला. मी काय करणार होतो?"

"एकोणीस वर्षं माझ्या टेबलावर जेवतोस. तोंड फक्त जेवायलाच उघडतोस का?"

"आई, त्याचा काय दोष? पत्रं माझी होती."

"तू गप्प बस," डार्ला म्हणाली आणि ताटं गोळा करू लागली. वेंडेलचं तर अजून अर्धं भरलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी हॅडलीने फोटो स्वतः शाळेत नेऊन दिला. तो शेवटचाच. बँडमधल्या पोरांनी तो बघितला तेव्हा म्हणे पहिल्यांदा सगळे हसायला तयार झाले, मग थांबले, आणि ढोलवाला एवढंच म्हणाला, "बापरे. ही तू?" हॅडलीने हे वेंडेलला फोन करून सांगितलं. तिचा आवाज खुशीत होता.

रविवारी वेंडेलला जेवायला बोलावणं आलं नाही. त्याने घरी डबा उघडून सूप गरम केलं. पुढच्या रविवारीही तेच. टपाल टाकायला गेला की प्रुइटांच्या खिडकीत पडदा हलायचा, बाहेर कुणी यायचं नाही. मंगळवारी त्याला रस्त्यात रस भेटला, तो हार्वेस्टरच्या खिडकीतून म्हणाला, "मी तुझ्यावर रागावलेलो नाही हं. पण मला त्याच घरात झोपायचंय."

तिसऱ्या शनिवारी दुपारी वेंडेलच्या स्वयंपाकघराचं दार वाजलं. डार्ला होती, हातात ॲपल पाय, चेहरा अजून पुरता निवळलेला नाही.

"हे घे. समेट वगैरे समजू नकोस. सफरचंदं जास्त झाली होती."

"बरं."

ती बसली. तो कापायला सुरी मागितली, कापला, आपल्यालाच एक तुकडा घेतला आणि खाल्ला नाही.

"तिला काय सांगितलंस तू त्या वेळी? मी कालवडी हाकत होते तेव्हा. मी इतकी वर्षं ताठ उभी राहा म्हणून ओरडतेय, कधी राहिली नाही."

"काही नाही सांगितलं. अकरा मिनिटं गप्प बसलो."

"एवढंच?"

"एवढंच येतं मला."

डार्लाने सुरी पुसून ठेवली. मग म्हणाली, "काल मी जुने अल्बम काढले. नाताळचे, वाढदिवसांचे, सगळे. आमच्या घरच्या प्रत्येक फोटोत ती बसलीय, वेंडेल. नाहीतर गुडघे वाकवून उभी. आठवीपासूनचा एकही फोटो असा नाही की ती सरळ उभीय. आणि मला आठवतं ना, कोण म्हणायचं ते. 'हॅडली, खाली हो गं, केंड्रा झाकली जातेय.' मीच. मीच म्हणायचे." तिने नाक ओढलं. "ताठ राहा पण मीच आणि खाली हो पण मीच. पोरीने करायचं तरी काय?"

वेंडेलला तिला धीर द्यायचा होता. त्याने तिच्यापुढे कॉफीचा पेला सरकवला.

"तो फोटो मला अजून आवडत नाही," डार्ला म्हणाली. "पण रोज बघते. मोठा करून दे एक."

"देतो."

"रस तर परवा चर्चमध्ये कुणाला तरी सांगत होता, आमची धाकटी विजेचं शिकणार म्हणून. छाती अशी पुढे काढून. माझ्याशी बोलताना मात्र अजून 'बघू' म्हणतो." ती किंचित हसली. मग तुकडा तोंडात घातला, चावला, आणि पर्समधून पेन्सिल नि किराण्याच्या यादीचा कागद काढला. "बरं, मला सांग. तू सव्वीस हिवाळे गाडीची खिडकी उघडी ठेवून टपाल टाकतोस. उजवा हात कायम बाहेर. हातमोजे कुठले घालतोस?"

"एकावर एक दोन. आतला पातळ, लोकरीचा. बाहेरचा चामड्याचा."

"बोटं हलतात त्यात?"

"पहिला आठवडा नाही हलत. मग हलतात. आणि गाडीत तिसरी जोडी कोरडी ठेवायची, ओल्या मोज्यापेक्षा उघडा हात बरा."

"थांब, हळू सांग," डार्ला म्हणाली आणि अंडी, लोणी, बटाटे यांच्या खाली लिहू लागली. "मापाचं काय? तिचे हात माझ्यापेक्षा मोठे आहेत."

"पुरुषांचे घे. मोठ्यातले."

"मोठ्यातले," तिने लिहिलं, आणि खाली रेघ ओढली.